जमिनीत उतरलेली तार

टण्ण.

दुपारच्या शांततेत स्टीलचा चमचा फरशीवर पडला आणि मी हातातलं सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं. लेक झोपली आहे, या भरवशावर मागच्या खोलीत कामाला बसले होते. ती केव्हा उठून आली ते कळलंच नाही. मशीनपाशी उभी होती, अनवाणी, चमचा पायाशी, हात छातीशी आवळून.

"आई, हे चावलं."

"कुठे गं ठके? दाखव बघू."

बोटावर काहीच नव्हतं. मी फुंकर घातली, पापा घेतला, तिला उचलून खाटेवर बसवलं. मग जाऊन मशीनचं बटण बंद केलं.

मशीन एका गेमिंग हॉलमधलं. उंच लाकडी कपाट, वर काचेचा पडदा, दोघांनी शेजारी उभं राहून खेळायच्या दांड्या, गोल बटणं आणि खाली नाणं टाकायचं लोखंडी दार. आम्ही नवरा-बायको अशी मशीनं दुरुस्त करतो. आणणं-पोचवणं त्याच्याकडे, आतलं सगळं माझ्याकडे. मशीन तापलं की दाराला शॉक बसतो अशी तक्रार होती, म्हणून ते चालू ठेवलं होतं.

"अहो ताई, खाली रबराची चटई टाकली की झालं," हॉलवाले काका फोनवर म्हणाले होते. "सुट्टी लागतेय, पोरं रांगा लावतील."

जणू पोरं चटईवर उभी राहतात!

मी प्लग काढून उघडला. हिरवी तार, म्हणजे चुकार वीज जमिनीत नेणारी, कापून टेपात गुंडाळलेली. हॉलचा मेन स्विच सारखा पडतो म्हणून आधीच्या मेकॅनिकने गळती शोधायची सोडून तारच तोडली होती. आमच्या धंद्यातला हा नेहमीचा शहाणपणा. शोधत गेले, तर वरच्या पाटीमागच्या ट्यूबची वायर लोखंडी पट्टीखाली चेमटून सोललेली सापडली. ती बदलली, हिरवी तार जोडली, मशीन चालू केलं. दाराला टेस्टर लावला, पेटला नाही. मग हाताची मागची बाजू टेकवली. थंड लोखंड, बाकी काही नाही.

तरी मन मानेना. ही हिरवी तार पुढे घराच्या अर्थिंगला मिळते आणि अर्थिंगची तार अंगणातल्या खड्ड्यात उतरते. तिथे जाऊन मी तारेला क्लॅम्प मीटर लावला. तारेतून किती वीज जाते ते हा चिमटा दाखवतो. आकडा शून्यावर हवा होता. तो वर गेला, खाली आला. थांबला. पुन्हा वर.

"गळती अशी दम खात खात होत नाही," मी म्हटलं.

"मीटरचे सेल उतरलेत," मागोमाग अंगणात आलेला नवरा म्हणाला. "तुझ्यासारखंच. त्यालाही झोप कुठे मिळते!"

सेल बदलले. तेच. त्याने घराचा मेन पाडला. आतला पंखा घरघरत थांबला. आकडा हलतच होता.

"शेजारच्यांचं येत असेल."

"त्यांचं कनेक्शन तोडून नेलंय ना, ते घर सोडून गेले तेव्हाच."



आतून आवाज आला. टक. टक-टक. ठकी स्टुलावर चढून बंद मशीनची बटणं दाबत होती. माझ्या हातात आकडा उडाला. एकदा. मग दोनदा.

नवरा आत गेला आणि मशीनचा प्लग उपसून, तो हातात धरून दारात उभा राहिला.

टक-टक-टक.

आकडा तीनदा उडाला.

"ठके, थांब."

ती थांबली. आकडा शून्यावर आला. मी श्वास सोडला.

मग तो उडाला. एकदा. मग दोनदा. कुणाची वाट बघावी तसा थांबला. मग तीनदा.

नवऱ्याने पक्कड आणली. "तोडू?"

तोंडावर हो आलं होतं. "नको. ही तार गेली, तर उद्या घरात कुठेही बिघाड झाला की तो हिच्याच हाताला."

त्याने पक्कड खाली केली, पण ठेवली नाही.

ठकी बाहेर येऊन माझ्या कुशीत शिरली. केसांना अजून झोपेचा वास होता.

"शॉक कुठे गेला?"

"तारेतून खाली. जमिनीत. आता नाही हं लागणार तुला."

ती खड्ड्याजवळ उकिडवी बसली. मातीवर हलकेच तळहात टेकवला, ताप बघताना मी तिच्या कपाळावर टेकवते तसा.

"मग आई, खाली तो कुणाला लागतो?"