फिरत्या माणसांचा पत्ता

नगरगणित प्रयोगशाळेच्या भिंतीवर तापीनगरचा नकाशा उजळला आणि त्यावर लाखो पिवळे ठिपके उमटले. एकेक ठिपका म्हणजे शहरातला एकेक माणूस होता. डॉ. इरावती गद्रे यांनी उभी केलेली ही यंत्रणा महिन्याभरात कायद्याच्या कामाला लागणार होती. शहरातल्या प्रत्येक रस्त्याखाली आणि प्रत्येक इमारतीच्या उंबऱ्याखाली पाऊलवेधक बसवले होते. माणसाची चाल त्याच्या बोटांच्या ठशांइतकीच त्याची स्वतःची असते. पाऊलवेधक ती ओळखत आणि रोज रात्री कोण कुठे होता याची नोंद करत. त्या नोंदींतून यंत्रणा प्रत्येकाचा 'निवासबिंदू' काढी.

ज्याचा निवासबिंदू स्थिर नाही तो माणूस कायद्याने 'अनिकेत' ठरणार होता. अनिकेताला कामावर ठेवायला बंदी होती, आणि कामाचा दाखला नसेल तर त्याला खोली भाड्याने द्यायलाही बंदी होती. वारंवार पकडला गेला तर त्याची रवानगी शहराबाहेरच्या श्रमनिवासात व्हायची होती. यंत्रणेच्या वतीने कोर्टात साक्ष देण्याचं काम डॉ. नौशाद तडवी यांच्याकडे आलं होतं, म्हणून ते गद्रेबाईंकडून सगळं नीट समजून घ्यायला बसले होते.

"मॅडम, बिंदू म्हणजे नेमकं काय धरलंय?" तडवींनी विचारलं.

"सरासरी," गद्रेबाई म्हणाल्या. "गेल्या हंगामातल्या सगळ्या रात्रींच्या जागा घ्यायच्या आणि त्यांचा मध्य काढायचा. रोज नवी रात्र मिळवूनही तो मध्य हलला नाही, तर माणूस ठिकाणावर आहे. तो सरकत राहिला, तर माणूस भटका आहे."

"माणूस जिथे सर्वांत जास्त रात्री झोपतो, तीच जागा का नाही धरली? ते सोपं होतं."

"आधी तसंच होतं. मग पहिली यादी निघाली. ज्यांना शहरात फ्लॅट आहे, टेकडीवर फार्महाऊस आहे आणि नदीकाठी बंगला आहे, ते कुठेच पुरेशा रात्री राहत नाहीत. ते सगळे अनिकेत ठरले. प्रशासक बोरोलेसाहेबांनी यादी पाहिली आणि सूत्र बदलायला सांगितलं. आता रात्री कितीही पसरलेल्या असोत, मध्य हलला नाही की झालं."

तडवींनी विचारलं, की मध्य भलत्याच इमारतीवर पडला तर काय. गद्रेबाईंना हसू आलं. एका पुढाऱ्याचा बिंदू कोंबड्यांच्या शेडवर पडला होता. पण ज्याच्या मालकीचं घर आहे त्याला अर्ज करून पत्ता बदलून मिळत असे, तसा त्याने तो बदलून घेतला. इतरांचा पत्ता बिंदू जिथे पडेल तिथलीच इमारत. रात्रपाळीवाल्यांच्या नोंदलेल्या कामाच्या जागेवरच्या रात्री यंत्रणा वगळत होती.

"आणि यंत्रणेचं म्हणणं कुणाला कोर्टात खोडून काढायचं असेल तर?"

"नाही काढता येणार. कायद्यात शब्दच तसे आहेत, निर्णायक पुरावा. बिंदू जे सांगेल ते सरकारनेही मानायचं आणि माणसानेही. नाहीतर रस्त्यावरचा प्रत्येक जण वकील घेऊन उभा राहील."

तडवींनी विचारलं, की एकदा घर गेलेल्याने पुन्हा घर मिळवायचं कसं.

"ते गणित आपल्याकडे दिलेलं नाही, नौशाद," गद्रेबाई म्हणाल्या आणि त्यांनी भिंत बंद केली.

ते गणित सुलभा तायडे हिच्या वाट्याला आलं. ती एका साडी कारखान्यात कापड तपासायची. धाग्यातला दोष कॅमेरे ओळखू लागले तेव्हा तिचं काम गेलं. मग कारखानाच बंद पडला, आणि ज्या कामगार वसाहतीत ती आणि तिचा नवरा भानुदास राहत होते ती पाडण्यात आली. दोघं रस्त्यावर आले ते कायदा लागू व्हायच्या सुमारास.

सुलभा हात जोडत फिरणाऱ्यांतली नव्हती. तिने धुलाई केंद्रात विचारलं, फळं भरण्याच्या गोदामात विचारलं. एका रुग्णालयाच्या भटारखान्यात तिने करून दाखवलेली भाजी व्यवस्थापकाला इतकी आवडली, की त्याने तिला दुसऱ्या दिवशीपासूनच बोलावलं. दुसऱ्या दिवशी तिने कामगारांच्या दाराच्या उंबऱ्यावर पाय ठेवला आणि अनिकेताचा लाल दिवा लागला. व्यवस्थापकाचा चेहरा पडला. पत्ता आणा, मी काम देतो, असं तो म्हणाला. खोलीवाल्यांकडे गेली तर ते म्हणत, काम दाखवा, खोली देतो.

रस्त्यावर राहणाऱ्यांना एका जागी टिकूही देत नव्हते, आणि त्याचं कारण सूत्रातच होतं. माणूस एकाच पुलाखाली हंगामभर झोपला असता तर त्याचा बिंदू स्थिर होऊन तो पूलच त्याचा पत्ता झाला असता. म्हणून प्रशासनाने अनिकेत पथक नेमलं होतं. पथकाचे हवालदार रघुनाथ पगारे काठी आपटत यायचे आणि पुढं चला म्हणायचे. आज भाजी मंडई, उद्या बसस्थानक, परवा सरकी गोदामाची भिंत. भानुदासचा गुडघा सुजलेला होता. एकदा तो उठलाच नाही. मी चोर नाही, मला बसू द्या, एवढंच तो म्हणत राहिला. पगारेंनी त्याला दोन्ही काखांत धरून गाडीत घातलं. श्रमनिवासात त्याला भंगार निवडायला बसवलं. स्थिर निवासबिंदू असलेला जवळचा नातेवाईक न्यायला आला तरच तिथून सुटका होत असे.

सुलभाने कोर्टात दाद मागितली. सरकारच्या बाजूने तडवी साक्षीला उभे राहिले. तिचा बिंदू कसा सरकतो आहे ते त्यांनी पडद्यावर दाखवलं, आणि दाखवताना एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही. न्यायाधीशांनी तिला काही सांगायचं आहे का, असं विचारलं.

"मी भटकत नाही, साहेब. मला भटकवतात," ती म्हणाली. "बसले तर हे उठवतात, आणि उठले की तुम्ही विचारता, एका जागी का बसली नाहीस."

पुरावा निर्णायक होता. न्यायाधीशांनी तिला पुढच्या हंगामाच्या अखेरीपर्यंत मुदत दिली. तोवर बिंदू स्थिर झाला नाही, तर तिलाही श्रमनिवासात जावं लागणार होतं.

कोर्टाच्या आवारात ती नळावर पाणी पीत होती, तेव्हा तडवी तिच्यामागे येऊन उभे राहिले. त्यांनी तिला विचारलं, की तेलाचा घाणा कधी पाहिला आहे का. तिच्या मामाकडेच होता.

"घाण्याचा बैल दिवसभर चालतो," तडवी म्हणाले. "पण मधला खुंटा हलत नाही. तुम्हाला पथक कुठेही हाकतं, म्हणून तुमचा मध्य सरकतो. तुम्ही ठरवून गोल फिरलात, जितक्या रात्री पूर्वेला तितक्याच पश्चिमेला, जितक्या उत्तरेला तितक्याच दक्षिणेला, तर जुन्या रात्री हिशेबातून गळल्यावर मध्य एका जागी थांबेल. यंत्रणेच्या लेखी तुमचं घर तिथे असेल, आणि ते कुणाला नाकारता येणार नाही."

सुलभाने विचारलं, की हे त्यांना आज सुचलं का. हे माझ्या मनात पहिल्या दिवसापासून होतं, पण नोकरी जाईल म्हणून बोललो नाही, असं तडवींनी सांगितलं. आता नोकरी सोडायचं ठरवलं होतं. त्यांनी मध्यासाठी जागाही शोधून ठेवली होती, जुन्या गुरांच्या बाजारातली पडकी शेड. तिथे कुणी हरकत घेणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

सुलभा समोरच्या आकाशाकडे बघत होती. शहरात कुठूनही दिसणारा 'तापीदर्शन' नावाचा मनोरा तिथे उभा होता. त्यातला प्रत्येक फ्लॅट विकला गेला होता, आणि त्यात कुणीही राहत नव्हतं. पैसे गुंतवायला घेतलेली घरं होती ती.

"माणसाला घर नाही हा गुन्हा झाला," ती म्हणाली. "घराला माणूस नाही, त्याला कुठलं कलम?"

"सुलभाताई, तिथे हरकत घेतील."

"घेऊ देत. शेडमध्ये लपायला मी चोर नाही."

हे रस्त्यावरच्या बाकीच्यांना समजावणं सोपं गेलं नाही. काहींना वाटलं ही बाई आपल्याला श्रमनिवासात पोचवणार. एक म्हातारे बाबा म्हणाले, की जन्मभर लोकांच्या इशाऱ्यावर चाललो, आता हिच्या इशाऱ्यावर का चालू. सुलभा त्यांच्या शेजारी बसली. तिने त्यांना सांगितलं, की चालायचं तर आहेच, काठीच्या पुढे चालायचं की आपल्या मनाने, एवढंच ठरवायचं आहे. बाबा आले. मग बाकीचेही येत गेले.

मुक्काम ठरले. मंडई, बसस्थानक, गोदाम, तलावाचा बांध, सगळे मनोऱ्याभोवती सारख्या अंतरावर. संध्याकाळ झाली की शेकडो माणसं आपणहून उठत आणि पुढच्या मुक्कामाला निघत. पगारेंना आश्चर्य वाटलं. आज न सांगताच कसे निघालात, असं त्यांनी विचारलं. तुमचं काम हलकं करतोय, सुलभा म्हणाली.

बोरोलेंना मात्र एवढी माणसं एकत्र चालतात याचाच धाक वाटला. हे लोक कुठेतरी ठाण मांडतील, म्हणून त्यांनी पथकाच्या रजा रद्द केल्या आणि सगळ्या शिपायांना रोज रात्रभर त्यांच्याबरोबर राहण्याचा हुकूम दिला. थंडी गेली, उन्हाळा आला. दोन माणसं वाटेत वारली. बाकीच्यांनी त्यांना वाहून नेलं, आणि त्या दिवशीही मुक्काम चुकवला नाही.

मुदत संपत आली तेव्हा एका सकाळी सुलभा सगळ्यांना घेऊन तापीदर्शनच्या दाराशी गेली. पहारेकरी आडवा आला. तिने त्याला बाजूला व्हायलाही सांगितलं नाही, नुसता उंबऱ्यावर पाय ठेवला. दिवा हिरवा झाला आणि काचेचं दार सरकलं. रहिवाशाला अडवणं हा गुन्हा होता, त्यामुळे पहारेकरी मागे झाला. तिच्या मागून म्हातारे बाबा आत गेले, मग बाकीचे. प्रत्येक पावलाला दार उघडं राहिलं.

फ्लॅटची कुलुपं त्यांनी तोडली नाहीत. तळमजल्यावरचं भव्य दालन, लांबलचक सज्जे आणि मोकळे मजले सर्वांना पुरले. सुलभाने बिंदूचा दाखला घेतला आणि थेट श्रमनिवास गाठला. भानुदास काठी टेकत तापीदर्शनमध्ये आला, संगमरवरी फरशीवर बसला, आणि संध्याकाळ होईपर्यंत दाराकडे बघत राहिला. इथून कधी उठवतील, असं तो पुनःपुन्हा विचारत होता. रुग्णालयाच्या भटारखान्याने सुलभाला दुसऱ्याच दिवशी कामावर घेतलं.

बोरोले तडक प्रयोगशाळेत गेले. यंत्रणा चुकली आहे, ती दुरुस्त करा, असं त्यांनी गद्रेबाईंना सांगितलं.

"यंत्रणा चुकलेली नाही," गद्रेबाई म्हणाल्या. "या लोकांना वगळायचं तर एकच उपाय आहे. मध्य स्थिर असूनही ज्यांच्या रात्री फार पसरलेल्या आहेत, त्यांनाही अनिकेत म्हणायचं."

"मग तसं करा."

गद्रेबाईंनी भिंत उजळली आणि नवं सूत्र लावून दाखवलं. ठिपके भराभर लाल झाले. त्यांत नदीकाठचे बंगलेवाले होते, टेकडीवरचे फार्महाऊसवाले होते. बोरोलेंनी एका ठिपक्यावर बोट ठेवलं आणि तो कुणाचा म्हणून विचारलं.

"तुमचा," गद्रेबाई म्हणाल्या. "नव्या सूत्राने मला तुम्हाला पकडून द्यावं लागेल. लावू का?"

बोरोलेंनी स्वतःच हात पुढे करून भिंत बंद केली. गद्रेबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. सूत्र तसंच राहिलं. मग बोरोलेंनी दुसरा मार्ग काढला. इमारत धोकादायक असल्याचं जाहीर करायचं आणि अनिकेत पथकाकडून ती बळाने रिकामी करायची.

त्याच दिवशी दुपारी पगारे तापीदर्शनच्या दाराशी आले. त्यांच्याबरोबर बायको, दोन मुलं आणि एक पत्र्याची ट्रंक होती. मागे पथकातले बाकीचे शिपाई होते, त्यांच्याही डोक्यावर सामान होतं. सुलभा दारात येऊन उभी राहिली. तिला वाटलं, हा नवा डाव असेल.

पगारेंनी मान खाली घालून सांगितलं, की सकाळपासून त्यांच्या सरकारी खोलीचं दार उघडत नाही. हंगामभर रोज रात्री ते या लोकांच्या मागे फिरले होते, त्यामुळे त्यांचाही मध्य इथेच येऊन थांबला होता. पथकाला कामाची नोंदलेली जागा नव्हती, सगळं शहरच त्यांचं काम होतं, म्हणून यंत्रणेने त्यांच्या रात्री वगळल्या नव्हत्या. अर्ज करायचा तर मालकीचं घर लागत होतं, आणि ते पथकात कुणाकडेच नव्हतं. खोली तिथे राहणाऱ्यालाच मिळते, आणि पगारे तिथे राहत नाहीत याचा पुरावा निर्णायक होता.

भानुदास काठी टेकत सुलभाच्या शेजारी येऊन थांबला. पगारेंनी त्याचा गुडघा पाहिला आणि नजर वळवली.

"दार तुम्हाला उघडेल, ते मी अडवू शकत नाही," सुलभा म्हणाली. "पण आत येणार असाल तर आजपासून कुणाला उठवायचं नाही. ना इथून, ना दुसरीकडून."

पगारेंच्या बायकोने त्यांच्या हातातली काठी घेतली आणि बाहेर रस्त्याच्या कडेला ठेवून दिली. शिपायांनी आपापल्या काठ्या तिथेच टाकल्या. मग ते सगळे उंबरा ओलांडून आत आले.

ट्रंक खाली ठेवत असतानाच पगारेंचा फोन वाजला. पलीकडे बोरोले होते. पथक तापीदर्शनला पोचलं का, असं ते विचारत होते. पोचलं, असं पगारेंनी सांगितलं. सगळं पथक आहे का, असं त्यांनी विचारलं. सगळं आहे, पगारे म्हणाले. मग इमारत ताबडतोब रिकामी करा, असा हुकूम आला.

पगारेंनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा दालनात बसलेल्या माणसांकडे पाहिलं.

"ते जमायचं नाही, साहेब," ते म्हणाले. "आम्ही इथं राहतो."