सुईवाला आणि गॅसवाली

सुरतेच्या अठवा लाइन्सवरचं एक जुनं प्रसूतिगृह बंद होत होतं. त्याच्या अंगणात दोघांची पहिली भेट झाली, आणि तीही एका टेम्पोवरून.

सामान विकायला काढलंय असं कळल्यावर अपर्णाने भूल द्यायचं जुनं मशीन घेऊन टाकलं होतं. चाकांवरची ट्रॉली, सिलिंडर अडकवायच्या कड्या, औषधाची जाड काचेची बाटली आणि एक काळा रबरी फुगा. ते ढकलत ती फाटकाशी आली, तर टेम्पोत ऑपरेशनचं टेबल आधीच आडवं झालेलं. शेजारी एक उंच, सावळा तरुण उभा. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, चेहऱ्यावर दुसऱ्याची जागा बळकावल्याच्या लाजेचा लवलेश नाही!

"हा टेम्पो मी सांगून ठेवलाय," अपर्णा म्हणाली.

"मीही. ड्रायव्हरने दोघांनाही हो म्हटलेलं दिसतंय. सुरत आहे मॅडम, इथे गिऱ्हाइकाला कुणी नाही म्हणत नाही." मग त्याची नजर मशीनवर गेली. "हा पंप कसला?"

"पंप नाही. भूल द्यायचं मशीन आहे."

"कुणाला देणार?"

"कुत्र्यांना, मांजरांना... फार प्रश्न विचारणाऱ्यांनाही देता येते."

तो हसला. तेवढ्यात अपर्णाने त्याला वरपासून खालपर्यंत तोलून घेतलं. तिचे वडील बँकेत अधिकारी. समोर आलेला माणूस पत देण्याजोगा आहे की नाही, हे पाहायची सवय त्या घरात सगळ्यांनाच. या माणसाचे दात चांगले होते. नखं स्वच्छ होती. बाकीची चौकशी टेम्पोत करता येण्यासारखी होती.

टेम्पोत कळलं ते असं. नाव डॉक्टर योगराज सोनवणे. वडील खानदेशातून पोटासाठी सुरतेत आलेले, लूमवर कामाला. मुलगा आणंदला शिकून जनावरांचा डॉक्टर झाला आणि नवागामला, आपल्याच वस्तीत, दवाखाना टाकून बसला. अपर्णाही जनावरांचीच डॉक्टर, मुंबईला शिकलेली, दवाखाना अडाजणला. इतकं कळेस्तोवर रिंग रोड आला आणि खऱ्या भांडणाला तोंड फुटलं.

"माझी सुई खिशात मावते," योगराज म्हणाला. "चलथाणच्या बैलाला मी उसाच्या फडात भूल देतो. तुमचं हे लग्नाचं रुखवत तिथे नेणार कसं?"

"आणि औषध जास्त झालं तर? सुईतून गेलेलं परत मागता येतं का? माझ्या हाताशी चावी आहे. फिरवली की कमी. बंद केली की जनावर श्वासाबरोबर औषध बाहेर टाकतं आणि थोड्या वेळात डोळे उघडतं. तुमचं बिचारं झिंगत पडतं... यकृत सगळं निस्तरेपर्यंत!"

"फुगा दाबायला, श्वासावर लक्ष ठेवायला दुसरा माणूस लागतो ना?"

"लागतो."

"माझ्याकडे दुसरा माणूस नाही," तो म्हणाला. साधंच वाक्य. पण ते म्हणताना त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि अपर्णाला अचानक बाहेरच्या साड्यांच्या पाट्या वाचाव्याशा वाटल्या.

त्यानंतर कामं निघत गेली. म्हातारी, मूत्रपिंड थकलेली कुत्री योगराज तिच्याकडे आणू लागला. अशांना सुई सोसत नाही, हे तो कुरकुरत का होईना मान्य करी. आणि कुणाच्या गोठ्यात म्हैस अडली की अपर्णा त्याला फोन करी. मशीन काही गोठ्यात शिरत नाही, हे ती मान्य करी... पण मनात. नवागामच्या बायकांनी दोघांची नावंच पाडली, सुईवाला डॉक्टर आणि गॅसवाली ताई.

थंडीत तो पोंक घेऊन यायचा. सुरतेत हुरड्याला पोंक म्हणतात. गरम, हिरवागार, वर लिंबाची शेव. दवाखान्याच्या पायरीवर बसून एकाच कागदातून खाताना बोटांना बोटं लागायची आणि दोघंही शेवेचं भारी कौतुक करायची.

अपर्णा मनात त्याच्या नावावर जमा करत होती. जनावरावर कधी ओरडत नाही. चहात आपण साखर घेत नाही, हे त्याला सांगावं लागत नाही. खर्चाच्या बाजूला एकच रक्कम, पण मोठी: हा माणूस जगातल्या सगळ्या विषयांवर बोलतो, फक्त बोलायला हवं ते सोडून.

म्हणून तिनेच एकदा पायरीवर विषय काढला. "नाशिकचं स्थळ आलंय. मुलगा इंजिनिअर. त्यांना मी पसंत आहे. संक्रांतीच्या संध्याकाळी त्यांचा फोन येईल. बाबा म्हणाले, हो की नाही ते सांगून मोकळी हो."

योगराजने पोंकाचा एक दाणा फार वेळ चावला.

"नाशिकला थंडी चांगली असते," तो म्हणाला.

अपर्णा उठली, साडी झटकली आणि घरी गेली. असं उत्तर बैलानेही दिलं नसतं!

संक्रांत उजाडली, म्हणजे सुरतेतलं उत्तरायण. गच्च्या माणसांनी भरल्या, लाउडस्पीकर किंचाळू लागले, आणि काचेच्या मांज्याने कापलेले पक्षी नवागामच्या दवाखान्यात येऊ लागले. दरवर्षीचंच होतं. रुसवा घरी ठेवून अपर्णा मशीनसकट सकाळीच हजर झाली. संध्याकाळी फोन होता. दोघांनाही तो आठवत होता आणि दोघंही कबुतरांबद्दल बोलत होती.

दुपारी शेजारच्या सरलाबाई धावत आल्या. हातात गोधडीचं गाठोडं, गाठोड्यातून बाहेर एक लांब पिवळी चोच.

"डाक्टर! हाऊ मन्हा गच्चीवर पडना! जगाड याले!"

चित्रबलाक होता. पंखावर गुलाबी छटा असलेला मोठा, देखणा करकोचा. उजवा पंख मांज्याने खोल कापलेला.

"सुई देतो," योगराज म्हणाला. "पटकन होईल."

"रक्त बघा किती गेलंय. सुईनंतर हा उठेल याची खात्री देता तुम्ही?"

त्याने सिरिंज ट्रेमध्ये परत ठेवली. "...गॅस द्या. पण चोच बघा. कुठला मुखवटा बसणार?"

चोच चांगली वीतभर होती. योगराजने सलाइनची प्लास्टिकची बाटली उचलली, बूड कापलं, त्यावर रबरी हातमोजा ताणून भोक पाडलं आणि चोच आत सरकवली. नळी दुसऱ्या टोकाला. अपर्णाने गुपचूप आणखी एक रक्कम जमा केली.

बाहेर कुणाचा तरी पतंग कापला गेला. "काइपो छे!" अख्खी गल्ली गरजली आणि पक्षी टेबलावर थरारला. प्रत्येक आरोळीला तेच. योगराजने दार लावलं, खिडक्या लावल्या, फटीत पडदा कोंबला. आत शांत झालं. दोघांनाही बरं वाटलं. चूक झाली ती तिथेच.

टाके सुरू झाले. त्याचं डोकं पंखावर झुकलेलं, बाटलीच्या अगदी वर. ती फुगा दाबत पक्ष्याच्या छातीकडे पाहत होती. वर... खाली... एवढाच आवाज. मध्येच तो हसला.

"काय झालं?"

"अपर्णा," तो म्हणाला. आजवर त्याने तिला नुसत्या नावाने कधी हाक मारली नव्हती. "तुझ्या डाव्या भुवईत एक केस पांढरा आहे. फार छान आहे. मला केव्हापासून सांगायचंय."

"डॉक्टर?"

"आणि नाशिकची थंडी... अगदी वाईट असते. भिकार! तू जाऊ नकोस तिकडे."

अपर्णाला हे पुन्हा ऐकायचं होतं. पण ती आधी डॉक्टर होती. त्याच्या पापण्या जड झाल्या होत्या. टाका घालणारा हात हवेत थांबला होता. खोलीत गोडसर वास भरला होता, तिचंही कपाळ जड झालं होतं. तिने वाकून पाहिलं, तर चोचीपाशी हातमोजा फाटलेला! पक्ष्याचा अर्धा गॅस डॉक्टर खात होते.

तिने चावी बंद केली, दार-खिडक्या धाडकन उघडल्या, योगराजच्या दंडाला धरून त्याला बाहेर ओट्यावर, थांबलेल्या सरलाबाईंपाशी नेलं. "खिडकीच्या गजाला धरून उभे राहा. मोठे श्वास घ्या. सरलाबाई, यांना हलू देऊ नका, आणि पाणी पाजा!"

आत दोन टाके राहिले होते आणि पक्षी पापणी हलवू लागला होता. आता पुन्हा गॅस नको. अपर्णाची नजर ट्रेमधल्या सिरिंजवर गेली... तिने वर्षभर जिची टिंगल केली ती सुई. तिने ती उचलली आणि खिडकीकडे वळली.

"डॉक्टर, किती देऊ?"

"सकाळच्या बगळ्याला दिलं होतं तेवढंच. हा मोठा आहे, पण गॅस अजून अंगात आहे. वर थेंब नको."

"सतरा चोक?"

"काय?"

"शुद्धीवर आहात का बघतेय. सतरा चोक?"

"अडुसष्ट!" तो चिडून म्हणाला. म्हणजे डोकं ठिकाणावर आलं होतं. तिच्याही हिशेबात प्रमाण बरोबर बसत होतं. तिने छातीच्या स्नायूत सुई टोचली. पक्षी सैल पडला, श्वास चालू राहिला. दोन टाके झाले, पंखाला पट्टी झाली.

आता सुईचं काम, म्हणजे उठायला वेळ लागणार. अर्धवट जागा होऊन फडफडला तर टाके तुटतील, म्हणून गोधडीत गुंडाळलेला पक्षी मांडीवर घेऊन अपर्णा जमिनीवर बसली. सरलाबाई चहा टाकायला गेल्या. योगराज आत आला, समोर उकिडवा बसला. रंग परत आला होता.

"मी मघाशी... काही बोललो का?"

"बोललात."

"काय?"

"भुवईबद्दल. मग हवामानाबद्दल."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"माझी अडचण समजून घ्या," अपर्णा म्हणाली. आवाज तिने मुद्दाम कोरडा ठेवला होता. "गॅस चढतो तसा उतरतो. मघाशी तुम्ही बोललात की तो, मला कसं कळणार? संध्याकाळी फोन आहे. गॅसच्या भरवशावर मी चांगलं स्थळ नाकारू?"

"तुमचे बाबा बँकेत साहेब," तो हळूच म्हणाला. "माझे लूमवर. तुम्ही बोलता ते कसं छापल्यासारखं. मी प्रत्येक वाक्य मनात दोनदा घासून मग तुमच्यासमोर बोलतो. हे वाक्य किती दिवस घासतोय... बाहेरच पडत नाही."

"मग घासू नका."

बाहेर आकाशभर पतंग होते. योगराज उठला, खिडकीशी गेला, छातीभर हवा घेतली आणि वळून तिच्याकडे सरळ पाहत आपल्या घरच्या बोलीत म्हणाला,

"तू माले भलती आवडस. मन्हासंगे लगीन करशी?"

अपर्णाला अक्षरन् अक्षर कळलं. पण अशी गोष्ट एकदा ऐकून कुणाचं भागतं? "म्हणजे काय?" तिने भाबडेपणाने विचारलं.

"लगीन करशी का इचारी ऱ्हायना तो!" दारातून चहाची किटली घेऊन सरलाबाई ओरडल्या. "इतली शिकेल शे आनि इतलं समजत नही?"

योगराज हसायला लागला. आता गॅस कुठेच नव्हता.

"संध्याकाळी घरी या," अपर्णा म्हणाली. तिचे कान तापले होते. "नाशिकचा फोन मी घेईन, नकार मीच कळवेन. बाबांशी मात्र तुम्हाला बोलावं लागेल. ते विचारतील, मुलीला सुखात ठेवाल का."

"काय सांगू?"

"मला आत्ता सांगितलंत ना, तसंच. न घासता."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"ते बँकेतले आहेत. पहिल्या अर्जाला नाहीच म्हणतात. कागदपत्रं घेऊन पुन्हा जायचं असतं." तिने हात पुढे केला. तो खाली बसला, आणि गोधडीच्या काठावर त्याची बोटं तिच्या बोटांत अडकली... या वेळी कुणी शेवेचा विषय काढला नाही.

"उठना! उठना! मन्हा पक्षी उठना!" सरलाबाई किटली हलवत ओरडल्या.

करकोच्याने मान उंच केली होती आणि तो खोलीभर पाहत होता. खोलीत जनावरांचे दोन डॉक्टर होते, पण त्याच्याकडे एकाचंही लक्ष नव्हतं.