मोगली एरंडाची फांदी

"मला विषारी झाड ओळखता येत नाही, असं आता सगळं गाव म्हणतंय," ती बाई म्हणाली. "आणि मी तर त्यावर पुस्तक लिहिलंय."

भाऊजींनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते रोज सकाळी आपल्या मेहुणीच्या कचेरीत येऊन बसत. ही मेहुणी खाजगी तपास करायची आणि अख्खं गाव तिला अक्का म्हणायचं. तपासात आपली मदत होते, असं भाऊजींना मनापासून वाटे. अक्कांनी त्यांचा हा समज कधी मोडला नव्हता.

"सुरुवातीपासून सांगा," अक्का म्हणाल्या.

रविवारी सकाळी ती बाई हौशी लोकांना टेकडीवर रानझाडं दाखवायला नेत असे. पानावरून, फळावरून झाड कसं ओळखायचं ते शिकवी. ओढ्याकाठच्या देशी बदामाची फळं ती वाळवायची, फोडायची आणि गर एका वाडग्यात भरून ठेवायची. तिचे सासरे, आबा, दुपारी मूठभर खात.

"गेल्या रविवारीही खाल्ले. संध्याकाळपर्यंत उलट्या थांबेनात. म्हातारं माणूस, अंगातलं पाणीच गेलं. अजून शुद्धीवर नाहीत. वाडग्यात निम्मे गर विषारी मोगली एरंडाचे निघाले. नणंदेने पोलिसांत तक्रार दिली. प्रकाशकाने पुस्तक थांबवलं."

"आणि नवरा?"

"काही बोलत नाही. हॉस्पिटलात बसून असतो. तेच जास्त लागतं."

तिने फोन पुढे केला. रविवारी दुपारी तिच्याच फोनवरून टेकडीवर येणाऱ्या तिच्या गटाला एक फोटो गेला होता. पांढऱ्या कागदावर एक फांदी, हृदयाच्या आकाराची, कडेला उथळ कोन असलेली पानं, हिरवी गोल फळं. खाली लिहिलेलं, 'देशी बदाम'.

"हा मोगली एरंड आहे. शेंबडं पोरही याला बदाम म्हणणार नाही. बदामाचं पान टोकाकडे रुंद असतं, मोठ्या चमच्यासारखं. हा फोटो मी काढला नाही, पाठवलाही नाही. मी फांदी तोडतच नाही, झाडावरच फोटो घेते. पण माझं ऐकतो कोण?"

अक्कांनी भिंग लावून फोटो बराच वेळ पाहिला. भाऊजींनीही डोकावलं. पानं मलूल होती. फांदीच्या कापलेल्या टोकाशी तपकिरी ठिपका वाळला होता. प्रत्येक पानाला दोन सावल्या होत्या, एक गडद, एक फिकी.

"त्या दुपारी घरात कोण होतं?"

"नणंद, धाकटे दीर आणि सर. सर शाळेत चित्रकला शिकवतात. पुस्तकातले फोटो त्यांचेच आहेत. मी स्वयंपाकघरात सगळ्यांचा चहा टाकत होते, सरांचं गरम पाणी ठेवत होते. त्यांना चहा वर्ज्य आहे, वासही चालत नाही. फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला होता. त्याला कुलूप नाही. घरात कोणापासून लपवायचं?"

"वाडगा?"

"जेवणाच्या टेबलावर. येता-जाता कोणीही हात घालतं."

"घरात तुमचे चांगले गर उरलेत?"

"कपाटात बरणी आहे. पोलिसांनी तपासून परत दिली."

"ती पाठवून द्या," अक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तिघांना एकेक करून बोलावलं. टेबलावर अक्कांनी त्या बरणीतले गर एका बशीत काढून ठेवले आणि भाऊजींना ताकीद दिली, "तुम्ही मूग गिळून बसायचं."

पहिली नणंद आली. खुर्चीत बसायच्या आधीच तिची नजर बशीवर गेली.

"हे काय?"

"त्या दिवशीच्या वाडग्यातले उरलेले," अक्का शांतपणे म्हणाल्या.

नणंद दोन पावलं मागे सरली. "ते आधी उचला. माझ्या बापाचा जीव घ्यायला निघालं होतं ते." बशी खिडकीत ठेवल्यावरच ती बसली. "वहिनीला मी किती वेळा सांगितलं, रानातलं काहीबाही घरात आणू नकोस. आमचं ऐकते कोण? आबांना तर तिच्याशिवाय घास जात नाही. पोटच्या मुलीला विचारतसुद्धा नाहीत."

ती गेल्यावर भाऊजी पुटपुटले, "मत्सर. उघड आहे."

मग दीर आला. त्याचं फर्निचर पॉलिशचं दुकान होतं आणि बोटं नखांपर्यंत तपकिरी होती. भाऊजींनी अक्कांकडे अर्थपूर्ण पाहिलं. वाडग्यातले गर म्हटल्यावर दिराने बशीवर वाकून वास घेतला आणि हात गुडघ्यांवर घट्ट ठेवले.

"मला शेंगदाणा आणि काजू सोडून काही ओळखता येत नाही," तो म्हणाला. "परसात शेड टाकू देत नाहीत म्हणून आबांशी माझं भांडण आहे, ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मी बापाला विष घालीन का?"

शेवटी सर आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, चापून बसवलेले केस. फक्त उजव्या बाहीच्या काठावर फिकट तपकिरी डाग होता.

"धुतला तरी जात नाही वाटतं," अक्का सहज म्हणाल्या.

"चहा सांडला होता," सर हसले. मग गंभीर झाले. "तिला फार दोष देऊ नका. चूक कोणाकडूनही होते. सोललेले गर सारखेच दिसतात. माझ्यापुढे ठेवले असते तर मीही फसलो असतो."

"हे त्या वाडग्यातलेच आहेत," अक्कांनी बशी त्यांच्याकडे सरकवली.

सर बोलत राहिले, पुस्तकाविषयी, टेकडीविषयी. बोलता बोलता त्यांनी एक गर उचलला, नखाने चिरला, आत पाहिलं आणि तोंडात टाकला. मग दुसरा. बशीत बरणीतलेच गर आहेत हे क्षणभर विसरून भाऊजी दचकले. ते अर्धवट उठले, तोच अक्कांनी डोळ्यांनी त्यांना खाली बसवलं.

त्या संध्याकाळी कचेरीत खुर्च्या कमी पडल्या. सून, दीर, सर आणि दाराशी साध्या कपड्यांतले फौजदार. नणंद हॉस्पिटलात होती, ती नंतर येणार होती.

"फोटोपासून सुरू करू," अक्का म्हणाल्या. "पानं मलूल आहेत, तुटल्या जागचा चीक वाळून तपकिरी झालाय. म्हणजे फांदी बरीच आधी तोडलेली. पानांना दोन सावल्या आहेत. उघड्यावर सूर्य एकच सावली पाडतो. दोन पडल्या, कारण एका बाजूला खिडकी होती आणि दुसरीकडे दिवा. फोटो घरात काढलाय. कोणीतरी फांदी पिशवीत घालून आणली, यांच्याच फोनने फोटो काढून गटाला पाठवला आणि एरंडाचे सोललेले गर वाडग्यात मिसळले."

"पण कोणी?" दिराने विचारलं.

"मी तर तुमचंच नाव घेतलं होतं," भाऊजी म्हणाले आणि ओशाळले.

"पॉलिशच्या बोटांमुळे," अक्का म्हणाल्या. "पण ही बोटं रोजचीच आहेत. मोगली एरंडाचा चीक आधी पाण्यासारखा दिसतो. कपड्याला लागल्याचं कळतही नाही. वाळला की तपकिरी होतो आणि धुऊन जात नाही. सर, तुमच्या बाहीवर चहा सांडला म्हणालात. तुम्ही चहा पीत नाही."

सरांनी बाही दुमडली. "कोणाचाही चहा सांडू शकतो."

"शकतो. म्हणून बशी ठेवली. यांच्या नणंदेला बशी डोळ्यांसमोर नको होती. दिरांनी हात लावला नाही. गर ओळखता येत नसतील तर माणूस असाच घाबरणार. तुम्ही म्हणालात, मीही फसलो असतो. आणि विषारी वाडग्यातले म्हणून सांगितलेले गर खाल्लेत."

भाऊजींना आत्ता उमगलं. "त्यांनी आधी चिरून पाहिला होता."

"देशी बदामाचा गर आतून गुंडाळीसारखा असतो. एरंडाचा तसा नसतो. बघितल्याशिवाय तोंडात टाकायचं नाही, ही जाणकाराची सवय. ती लपवायचं भान तुम्हाला राहिलं नाही. फरक कळत नाही हे तुम्ही खोटं सांगितलंत, कारण यांची चूक सगळ्यांना पटायला हवी होती. बाई बदनाम झाल्या की पुस्तक आपल्या नावावर काढायला एकच माणूस उरतो."

फौजदार पुढे आले. "शर्ट तपासायला लागेल, सर."

सरांनी दुमडलेली बाही पुन्हा खाली केली. "जरा पोट बिघडेल एवढंच वाटलं होतं," ते म्हणाले. "म्हातारे इतके खातील असं वाटलं नाही. वर्षानुवर्षं उन्हातान्हात फोटो मी काढले आणि लोक यांनाच ओळखतात. मुखपृष्ठावर यांचं नाव, मी आतल्या पानावर, बारीक अक्षरात."

सुनेने पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"मी प्रकाशकांना कळवलं होतं," ती म्हणाली. "दोघांची नावं मुखपृष्ठावर घाला, आणि सरांचं आधी. तुम्हाला छापून आल्यावरच दाखवणार होते."

फौजदारांनी सरांच्या दंडाला हात लावला, तेव्हा ते उठले.

ते जिना उतरत असतानाच नणंद वर आली. तिला धाप लागली होती. काय झालं ते दिराने तिला दोन वाक्यांत सांगितलं. ती वहिनीपुढे येऊन उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"आबांनी डोळे उघडले," ती शेवटी म्हणाली. "तुला बोलावतायत. मी समोर उभी होते, तरी तुलाच." आणि तिने वहिनीची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली. "चल, रिक्षा खाली थांबवून ठेवलीय."