ढवळ्याने कुणाला काय विचारावं

“आबा, तुमचा ढवळ्या एवढा हुशार, तर गूळ का जाळतो?”

हे आबांना तोंडावर विचारून दाखव, अशी पैज माझ्या मैत्रिणींनी, अस्मा आणि शर्वाणीने, लावली होती. मी विचारलं! पैज जिंकले, पण हसू काही आलं नाही. कारण गूळ जळला होता तो माझ्यामुळे.

ढवळ्या म्हणजे आमच्या गुऱ्हाळातला यंत्रमानव. पूर्वी उसाचा चरक ओढणाऱ्या बैलाचं नाव आबांनी त्याला दिलंय. आबा म्हणजे माझे आजोबा, निवृत्त शास्त्रज्ञ. ढवळ्याचा ‘क्लास’ (यंत्राला काय काय येतं ते सांगणारा साचा) त्यांनी २०११ साली, म्हणजे बरोबर तीस वर्षांपूर्वी, एका कडक पण वेगवान संगणकभाषेत लिहिला. ढवळणं, उकळत्या रसावरची मळी काढणं, सगळं त्यात आहे. नाही ते एकच, काहील (रस उकळायची मोठी कढई) चुलीवरून कधी उतरवायची. ते फक्त गूळ करण्यात मुरलेल्या आमच्या गुळव्यांना, केरबामामांना कळतं. पाकाचा थेंब पाण्यात टाकायचा आणि बोटांनी गोळी वळून बघायची. पण धुराने मामांचे डोळे अधू झालेत.

म्हणून मी ढवळ्याचा ‘वारस क्लास’ (जुन्या साच्यातलं सगळं घेऊन वर आपली भर घालणारा साचा) लिहिला, शाळेत शिकलेल्या सोप्या भाषेत. आबांनी नुसतं नाव लिहून रिकामं सोडलेलं ‘गोळी बघ’ एवढं एकच काम बदललं. आणि ढवळ्याची गोगलगाय झाली. ढवळताना हात अडखळायला लागला, पाक तळाला लागला. मामांनी सांगून टाकलं, शनिवारी आणखी एक काहील देतो. तीही जळली तर ढवळ्या गोठ्यात.

माझ्या प्रश्नावर आबा फक्त म्हणाले, “उद्या मामांजवळ बस. ते किती वेळा बोलतात, मोज.”

अडीच तासांत मामा दोनदा बोलले. एकदा “जाळ वाढवा”, एकदा “उतरवा”. बाकी माणसं आपापली ढवळत होती, मळी काढत होती. तुम्ही त्यांना काही सांगत का नाही, असं मी विचारलं.

“ढवळायचं त्यास्नी येतंय की, स्वरू. दर फेरीला मला इचारत बसली तर गूळ कोण करणार, तुझा आबा?”

मी घरी पळतच गेले. दोन भाषांमध्ये मी एक ‘दुभाषी’ (इकडची हाक तिकडे नेणारा छोटा प्रोग्राम) ठेवला होता. हात हलवायच्या आधी ढवळ्या दर वेळी त्याच्यामार्फत माझ्या क्लासला विचारायचा, यात काही बदललंय का? उत्तर यायचं, नाही. सेकंदाला हजारो हेलपाटे, तेही त्याला आधीच येत असलेल्या कामासाठी!

मी ते बदललं. आता ढवळ्या सुरू होतानाच एकदा यादी करतो, स्वरूने कोणती कामं बदलली. यादीतल्या कामापुरताच तो दुभाष्याला हाक मारतो. बाकीची कामं थेट आपल्या भाषेत, जुन्याच वेगाने.

शनिवारी त्याचा हात सरसर फिरला. गोळी बघताना तेवढा क्षणभर थांबला. मग काहील उतरली. थंड झालेल्या गुळात मामांनी बोट दाबलं.

“जळला न्हाई. पर घाई केली त्यानं. मऊ ऱ्हायलाय.”

ढवळ्याचा गोठा टळला. पण घाई त्याची नव्हती, माझी होती. गोळी मी कधी स्वतः वळलीच नव्हती.

संध्याकाळी जेवताना मी आई-बाबांना सांगून टाकलं, “नाताळच्या सुट्टीत मी पुण्याच्या रोबो-शिबिराला जाणार नाही. मामांकडे गोळी वळायला शिकणार आहे. मला आली की ढवळ्याला येईल.”