आंबागडाचे फिरते बाण

"थांब! ब्रेक मार!"

प्रतिक्षा ओरडली खरी, पण धर्मेंद्रच्या सायकलला ब्रेक असते तर ना! दोन्ही पाय जमिनीवर घासत, धुरळा उडवत तो थेट घाणेरीच्या झुडपात घुसला.

"मारला ना ब्रेक!" झुडपातून आवाज आला.

"तुझे ब्रेक चपलेचे आहेत का रे?" मनाली हसून हसून लाल झाली. ती प्रतिक्षाची मामेबहीण. सुट्टीसाठी जवाहरनगरहून आली होती आणि येताना मामाच्या जीपवर आपली गियरची सायकलही बांधून घेऊन आली होती.

"हसू नको वं! प्रतिक्षा, थांबवलं काहून?"

प्रतिक्षाने वाटेच्या कडेला बोट दाखवलं. कलिंगडाएवढ्या एका दगडावर लाल बाण रंगवलेला होता. तो डावीकडे बघत होता.

"काल हा उजवीकडं होता," ती म्हणाली.

आंबागडाची वाट इथेच फुटते. उजवी जाते किल्ल्याच्या दरवाजाकडे. डावी उतरते एका अरुंद घळीत. गावात तिला अस्वलदरी म्हणतात, आणि ते नाव उगाच पडलेलं नाही. उन्हाळ्यात तिथल्या कपारींच्या गारव्याला अस्वलं पडून असतात.

आणि परवा चाळीस मुलं गडावर येणार होती!

ही सहल प्रतिक्षाच्या बाबांनी सुरू केलेली. संघपाल गुरुजी दर मे महिन्यात शाळेतली मुलं गडावर न्यायचे. गेल्या दिवाळीनंतर बाबा गेले. यंदा सहल होते की नाही असं झालं होतं, तेव्हा त्यांचे मित्र केशवराव म्हणाले, "मी नेतो." वाट त्यांना पाठ नव्हती, म्हणून त्यांनी तुमसरहून बाबुलाल पेंटरला आणलं आणि वाटेवर बारा बाण रंगवून घेतले. प्रतिक्षा त्या दिवसापासून परवाची वाट पाहत होती. बाबांची शिट्टी तिच्या खिशात होती. सहलीत ती वाजली की सगळी मुलं "आहोत!" म्हणून ओरडायची. अजून तिने ती वाजवली नव्हती.

"चल, बाकीचे बाण पाहू," म्हणत धर्मेंद्रने दगड दोन्ही हातांनी उचलून सरळ केला. नेमकी तेवढ्यात मागे मोटारसायकल थांबली.

"सापडले!" केशवराव गरजले. "तीन दिवसांपासून बाण फिरून राहिले. बाबुलाल रोज येऊन सरळ करते, अन् हे कारटे रोज फिरवतात!"

"काका, आमी नाई फिरवला! आमी तं..."

"डोळ्यानं पाहिलं मी! गुरुजींची पोरगी अन् हे धंदे? उद्या एक जरी बाण फिरला, तर सहल रद्द. चाळीस लेकरांची जोखीम मी घेणार नाही."

मोटारसायकल फटफटत निघून गेली. प्रतिक्षाने खिशातली शिट्टी घट्ट धरली.

"रडतेस का, ताई?" मनालीने हळूच विचारलं.

"नाई. विचार करून राहिली." तिने धर्मेंद्रकडे पाहिलं आणि तिचे डोळे मोठे झाले. "धर्म्या, तुह्या नाकाले काय लागलं?"

धर्मेंद्रने नाक पुसलं, तर गालही काळा झाला! त्याचे दोन्ही तळवे काळेकुट्ट होते.

"अरे बाप्पा! हे कुठून आलं?"

मनालीने दगड कलता केला. खालून तो काजळीने माखलेला होता.

तिघांनी बाराही बाण तपासले. नऊ जागच्या जागी होते. फिरलेले तीनच, आणि तिन्हींना काजळी!

"तीनच काहून?" धर्मेंद्र डोकं खाजवत म्हणाला. आता डोकंही काळं झालं.

उत्तर संध्याकाळी अंगणात मिळालं. गॅस संपला होता, म्हणून आई भाताचं पातेलं बाजूला ठेवून बाहेर चूल मांडत होती.

"प्रतिक्षा, तो तिसरा दगड दे वं बाई. दोनावर गंज कसा राहीन?"

प्रतिक्षा दगड हातात घेऊन उभीच राहिली.

"अवं, दे ना!"

"आई!" ती किंचाळली. "चुलीले तीन दगड लागतात!"

"मंग? तुले आज समजलं काय?"

दुसऱ्या दिवशी फटफटलं तेव्हा, वाटेवर चूल कोण मांडतं ते पाहायला तीन सायकली गडाखाली पोचल्या होत्या. ओढ्याजवळच्या उघड्या कातळावर सात-आठ बाया बसल्या होत्या. विड्यांसाठी तेंदूपत्ता तोडायला निघालेल्या. पातेलं रिकामं होतं आणि चुलीच्या जागी नुसती ओली राख होती.

"या वं पोरीहो," मनकर्णाबाईंनी हाक मारली. "चहा तं संपला, पन भाकर हाय."

"मावशी, चुलीचे दगड कुठी हायत?" प्रतिक्षाने विचारलं.

"ठेवले ना जाग्यावर! बाण काढलेले सरकारी दगड. वरून पुसून, जिथले तिथं ठेवतो. आमी का चोर हाव?"

"पण त्यांचं तोंड कुठे होतं, ते बघता का?" मनालीने विचारलं.

मनकर्णाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "दगडाले तोंड राह्यते काय, पोरी?"

धर्मेंद्र पोट धरून हसायला लागला, पण मध्येच थांबला. झाडाखाली मोटारसायकल उभी होती.

"केशवकाकांची गाडी! काका कुठी हायत?"

"आताच गेले ना वर. 'पोरायले पकडतो' म्हनत. भाकर खा म्हटलं, तं थांबलेच नाई. बाणाबाणानं गेले भरभर."

तिघं धावत सुटली. फाट्यावरचा बाण डावीकडे बघत होता!

"अरे, कोणी आहे काय?" दरीतून बारीक आवाज आला.

घळीच्या काठावरून त्यांनी खाली डोकावलं. एका उंच खडकावर केशवराव बसले होते. त्यांची पिशवी खाली पडली होती, आणि एक काळंभोर अस्वल तिच्यातला चिवडा मन लावून खात होतं.

"मी उतरतो!" धर्मेंद्र म्हणाला.

"एक पाऊल टाकू नको!" प्रतिक्षाने त्याची कॉलर धरली. "बाबा सांगत, अस्वलाजवळ जायचं नाई. वरून, दुरून आवाज करायचा अन् त्याची वाट मोकळी ठेवायची. पलीकडून दरी खुली हाय, तिकडं जाईन ते. मनाली, मावशींना बोलाव! भांडी घेऊन!"

मनाली वाऱ्यासारखी गेली आणि सगळ्या बायांना घेऊन आली. काठावर रांग लागली. प्रतिक्षाने खिशातून शिट्टी काढली. क्षणभर ती नुसती हातात धरली. मग ओठांना लावून जीव खाऊन फुंकली!

त्याबरोबर पातेली, झाकणं, ताटल्या, सगळंच वाजू लागलं. वर धर्मेंद्रचा गळा! अस्वलाने मान वर केली, नाराजीने फुस्स केलं आणि घळीच्या पलीकडच्या तोंडातून दुडक्या चालीने निघून गेलं. जाताना चिवड्याची पुडी घेऊन गेलं.

बराच वेळ गेल्यावर केशवराव वर आले. सदरा फाटलेला, एक चप्पल गायब.

"बाण तं बरोबर होता!" ते धापा टाकत म्हणाले.

"बाण बरोबरच होता, काका," धर्मेंद्र म्हणाला. "पन दगड चहाले गेला होता!"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मग प्रतिक्षाने दगडाखालची आणि धर्मेंद्रच्या नाकावर अजून उरलेली काजळी दाखवली, तीन दगडांचा हिशेब सांगितला. केशवराव मान खाली घालून ऐकत राहिले.

"मावशींचा दोष नाई, काका. सुटे दगड रंगवले, तं ते कोनीबी उचलनारच. बाबा म्हनायचे, खूण अशा दगडावर करावी जो आपल्यापेक्षा जास्त दिवस टिकेल."

"बाबुलाल म्हणाला, कातळ खरवडायले वेळ लागते. मी बरं म्हटलं, अन् चढून पाहिलंबी नाही," केशवराव म्हणाले. "वरून तुमालेच ओरडलो. चुकलं माझं, पोरांनो."

त्याच दिवशी बाबुलाल पेंटरला बोलावणं गेलं. कुरकुरत, घाम पुसत त्याने बारा बाण कातळावर रंगवले. कुठला कातळ ते मनकर्णाबाईंनी दाखवलं. सुट्या दगडांवरचे बाण पुसून टाकले. त्यातले तीन मात्र मनालीने मागून घेतले, त्यांच्यावर पिवळ्या रंगाने कपबशी काढली आणि ओढ्याजवळच्या कातळावर नेऊन ठेवले.

"आता हे फिरले तरी चालतील!"

फाट्यावरच्या मोठ्या कातळावर चुन्याचं एक पुसट वर्तुळ होतं. बाबुलालने त्यावर ब्रश टेकवला, तसे केशवरावच म्हणाले, "ते नको. गुरुजींची खूण आहे. बाजूनं काढ."

परवाचा दिवस उजाडला. चाळीस मुलं, चाळीस डबे आणि कान किटवणारा गलका! केशवरावांनी सगळ्यांसमोर तिघांची गोष्ट सांगितली, अस्वल आणि चिवड्यासकट. टाळ्या थांबेनात. मनकर्णाबाईंनी धर्मेंद्रची हनुवटी धरली आणि म्हणाल्या, "आज तं तोंड धुऊन आला रे!"

"प्रतिक्षा, तू पुढं चाल," केशवराव म्हणाले. "तुझा मान आहे."

"पुढं धर्मेंद्र चालन. त्याले ब्रेक नाईत," ती हसून म्हणाली. "मी मागून येतो, काका. बाबा शेवटी चालत, कोनी सुटू नये म्हनून."

रांग निघाली. एकेक करून चाळीसही मुलं पांढऱ्या वर्तुळाजवळून उजवीकडे वळली. शेवटी प्रतिक्षा आली. तिने कातळावर तळवा टेकवला. दगड उन्हाने कोमट झाला होता.

मग तिने शिट्टी वाजवली, आणि वरून चाळीस आवाज एकदम आले, "आहोत!"