डाव्या कोपऱ्याकडची नजर

आफरीन मुलाणी नागपुरात होती, आणि त्याच वेळी कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या सभागृहात चेंडू आपटत शलाका मोहितेच्या अंगावर धावून येत होती. यात आता कुणाला नवल वाटत नसे. पुढच्या सामन्यातला प्रतिस्पर्धी संघ आधीच घरी बोलावून त्याच्याशी खेळून बघायचं, ही कॉलेजांच्या बास्केटबॉलमधली रीतच होऊन गेली होती. येत असे ती अर्थात त्या संघाची छाया.

छायासंघ म्हणजे काही भुताटकी नव्हे. मोसमातला प्रत्येक सामना कॅमेरे चहूबाजूंनी टिपत. खेळाडू कुठला पाय आधी टाकते, दमल्यावर कोणता खांदा झुकतो, कोंडीत सापडली की काय करते, हे सगळं गाळून तिच्या सवयींचा एक नकाशा तयार होई, आणि त्या नकाशाबरहुकूम प्रकाशाची आकृती मैदानावर धावू लागे. तिची धडक बसली की अंगातली जर्सी थरथरे. दोन्ही संघांना एकमेकांच्या छाया मिळत, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

शलाकाला मात्र या वेळचा सराव जड जात होता. ती आणि आफरीन कराडला एकाच शाळेत, जाळी फाटलेल्या एकाच बास्केटखाली वाढल्या होत्या. आफरीन आत घुसायची, दोघीतिघींनी घेरलं की मान वळवून चेंडू डाव्या कोपऱ्यात फेकायची, आणि तिथे शलाका हात वर करून उभी असायचीच. मग आफरीनच्या वडिलांची नागपूरला बदली झाली. आधी रोज फोन, मग ईद-दिवाळीला निरोप, मग नुसताच अंगठा. आफरीन आपल्याला विसरली, अशी शलाकानं मनाची समजूत घातली होती, आणि ती समजूत तिला रोज टोचत होती.

छायांचं काम बघणाऱ्या डॉ. नाडकर्णींना तिनं एकदा विचारलंच, "मॅडम, ही मला ओळखत असंल का?"

"नाही गं. हिच्यात आठवणी नाहीत, फक्त सवयी आहेत. पण माणूस विसरलो म्हणतो तेही कधीकधी अंगात राहतं. तेवढं हिच्यात उतरतं."

मग त्यांनी आकृती मधेच थांबवून एक गंमत दाखवली. घेरली गेली की आफरीनची मान क्षणभर डाव्या कोपऱ्याकडे वळत होती, आणि मगच ती चेंडू उजवीकडे देत होती. कोपऱ्यात कुणीच नव्हतं. प्रत्येक सामन्यात हेच होतं, त्या म्हणाल्या, कारण काही केल्या लागत नाही, म्हणून यंत्र ती हालचाल निरर्थक सवय समजून तशीच ठेवतं.

त्या रिकाम्या जागेत कोण होतं हे जगात दोघींनाच ठाऊक होतं. त्या दिवसापासून सराव संपला तरी ती मागे रेंगाळू लागली. छायेला घेरायला लावायची आणि ती वळलेली मान बघायची. खुळेपणाच तो, सरळ फोन करायचा की नाही? पण सामन्याच्या दिवशी भेटूच, असं म्हणत ती ते सुख लांबवत राहिली.

गप्प राहिली असती तर काही बिघडलं नसतं. आदल्या दिवशी संघ छायेकडून पुन्हा हरला आणि प्रशिक्षक घोरपडे सर वैतागले. ही पोरगी नुसता दगड आहे, हिला कुणाचंच काही नाही, असं ते म्हणाले आणि शलाकाच्या तोंडून निघून गेलं, "ती मला शोधती, सर."

जिंकण्यासाठी ती बोललीच नव्हती. एकटीनं जपलेला आनंद तिला कुणाला तरी सांगायचा होता. सरांनी खोदून खोदून सगळं काढून घेतलं आणि बेत ठरवून टाकला. वेळ आली की दोघींनी आफरीनला घेरायचं, शलाकानं डाव्या कोपऱ्यात जायचं. हे बरं दिसत नाही, असं ती पुटपुटली. सगळ्या पोरींचं हे शेवटचं वर्ष आहे, सर म्हणाले, आणि तुला तर फक्त उभं राहायचंय.

सामन्याआधी आफरीन स्वतःहून जवळ आली. "वाळलीस की गं शलाके," म्हणाली, आणि नंतर चहाला जाऊ असं दोघींचं ठरलं.

शेवटच्या मिनिटाला कोल्हापूर एका गुणानं मागे होतं आणि चेंडू आफरीनकडे होता. दोघींनी तिला घेरलं. शलाका कोपऱ्यात पोचली होती. हात तिनं वर केला की आपसूक गेला, हे तिला पुढेही कधी ठरवता आलं नाही. आफरीनची मान वळली. इतकी वर्षं रिकाम्या असलेल्या जागेत या वेळी खरोखरच कुणीतरी होतं. तिचा चेहरा उजळला आणि चेंडू सरळ शलाकाच्या हातांत आला. कराड सुटल्यापासून इतका अचूक पास तिला कुणी दिला नव्हता. तो घेऊन ती मैदानाच्या दुसऱ्या टोकाला धावली आणि बास्केट केली.

जल्लोषातून वाट काढत आफरीन तिच्यापाशी आली.

"तुझी छाया आमच्याकडं पण होती," ती म्हणाली. "काही कारण नसताना डाव्या कोपऱ्यात जाती आणि हात वर करून उभी राहती. आमच्या सरांनी किती विचारलं, ही असं का करती. मी म्हटलं, काय माहीत."

"आफरीन, मी..."

"राहू दे."

चहाचं नाव दोघींनीही काढलं नाही.

पुढच्या स्पर्धेआधी ताज्या छाया आल्या. ती मान वळवायची सवय गेलेली आहे, मुलगी फार लवकर शिकली, असं डॉ. नाडकर्णी कौतुकानं म्हणाल्या. शलाकानं जुनी छाया मागितली. पण नवी छाया जुनीवरच चढवतात, जुनी उरत नाही.

"आणि माझी?"

"तुझ्यात काहीच फरक नाही."

त्यांनी दोघींच्या आकृत्या एकत्र मैदानात सोडल्या. आफरीनला घेरलं गेलं आणि कुठेही न बघता तिनं चेंडू उजवीकडे दिला. डाव्या कोपऱ्यात शलाकाची छाया हात वर करून उभी होती, आणि चेंडू आता येणार नाही, हे तिला सांगायची सोय त्या यंत्रात कुठेच नव्हती.