उजवीकडचं स्टूल

तो असा दुकानात भेटेल असं ध्यानीमनीही नव्हतं. आईच्या टेबल-लॅम्पचा बल्ब गेला होता, म्हणून रविवारी सकाळी मी त्या मोठ्या दुकानात शिरले. बल्बांच्या आधी कॉम्प्युटर लागतात. तिथे दोन्ही कडांनी आत वळलेल्या एका भल्यामोठ्या पडद्यासमोर तो पाठमोरा उभा होता. पण एवढी उंची आणि एवढा बारीकपणा एकाच माणसाचा... आमच्या ऑफिसातला फूटपट्टी!

घरांचे नकाशे काढून देणाऱ्या एका लहानशा ऑफिसात आम्ही कामाला होतो. तो नकाशे काढायचा, मी तपासायचे. भिंती ओळीत आहेत ना, दारं उघडताना एकमेकांवर आपटत नाहीत ना, जिन्याच्या पायऱ्या सारख्या आहेत ना. त्याच्या टेबलावर दोन पडदे आणि खुर्चीच्या उजव्या हाताला माझं स्टूल. चार वर्षं मी त्या स्टुलावर बसत होते, आणि ऑफिसबाहेर आम्ही एकदाही भेटलो नव्हतो.

मी हळूच पाय मागे घेतला. पण तेवढ्यात तो वळला. मान वळत नव्हती म्हणून सगळाच वळला, कपाट सरकवावं तसा.

"अरे, खरंबाई! रविवारी पण तपासायला?"

हे नाव त्यानंच पाडलेलं. वडील गेले त्या वर्षापासून, म्हणजे अकरा वर्षं, मी रोज सकाळी देवापुढे हात जोडून एकच नेम बोलते – आजच्या दिवसात खोटं बोलणार नाही. फक्त आजच्या दिवसात, उद्याचं उद्या. ऑफिसात हे कसं कुणास ठाऊक पसरलं. तेव्हापासून नवा शर्ट घालून आलेले लोक माझ्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत.

"बल्ब घ्यायला आलेय," मी म्हटलं.

"बल्ब मागच्या बाजूला. पण आलाच आहात तर... एक मत द्या ना."

"माझं मत तुम्हाला आवडत नाही."

"आवडत नाही, पण लागतं."

असं काहीतरी तो बोलायचा आणि लगेच दुसरीकडे बघायचा. मग मी दिवसभर ते शब्द दाण्यासारखे टिपत बसायचे. तिसावं सरलेल्या बाईनं असं करू नये, हे मला कळत होतं.

गेले तीन महिने त्याची मान धरली होती. दुखणं खांद्यातून हातात उतरलं होतं. गुरुवारी त्याच्या हातून चहाचा कप सुटला, आणि तो नुसता हाताकडे बघत राहिला, कुणा दुसऱ्याचा हात असावा तसा. करंगळी आणि शेजारचं बोट, दोन्ही बधिर झाली होती. व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला बजावलं होतं, की दोन पडद्यांमध्ये मान फिरवणं बंद करा, एकच रुंद पडदा समोर ठेवा, नाहीतर हे बोटांवर थांबणार नाही. आमच्या मॅडम म्हणाल्या होत्या, बघून या, ठरेल तो ऑफिस घेईल.

"हा तिसरा रविवार," तो म्हणाला. "ठरतच नाहीये."

"चांगला नाही का?"

"चांगला आहे. फारच चांगला आहे." तो त्या पडद्याकडे असा बघत होता, की जणू त्याला कुणी स्थळ दाखवलंय आणि नाही म्हणायला कारण सापडत नाहीये.

इतक्यात दुकानातली विक्रेती आली. गोल चेहऱ्याची, तोंडाचा पट्टा अखंड चालू. "दादा, आज तरी नेणार ना? अहो, हा मॉनिटर आता मला तुमची चौकशी करायला लागलाय! आणि वहिनींना आणलंत ते बरं केलंत. बायकांचं पटकन ठरतं."

माझे कान तापले. "मी वहिनी नाही," मी म्हटलं.

"त्या माझं काम तपासतात. चुका काढतात," तो म्हणाला.

"म्हणजे तेच की!" असं म्हणून ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे निघून गेली.

आम्ही दोघंही पडद्याकडे बघत राहिलो. त्यात आमचं पुसट प्रतिबिंब पडलं होतं – तो उंच, मी बुटकी, आणि वळणामुळे दोघंही एकमेकांकडे झुकलेली.

"बसा," त्यानं एक स्टूल ओढलं. उजवीकडेच. स्वतः मधल्या खुर्चीत बसला आणि पडद्यावर एक लांबलचक आडवी रेघ काढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वरच्या बाजूला. "सांगा. तुमच्या जागेवरून सरळ दिसते?"

मी बघितलं.

रेघ सरळ नव्हती. कपडे वाळत घातलेल्या दोरीसारखी मधे ओघळली होती. पडद्याची माझ्याकडची कड तर माझ्याकडे पाठ फिरवून बसली होती. त्या वळणाचं सगळं लक्ष मधल्या खुर्चीकडे होतं. तिथे बसणाऱ्याला ते दोन्ही हातांनी कवेत घेत होतं. शेजारी बसणाऱ्यासाठी त्यात जागाच नव्हती.

एवढंच सांगायचं होतं. 'वाकडी' – एक शब्द. मग त्यानं तो पडदा घेतला नसता, सोमवारी माझं स्टूल जागेवर असतं. आणि त्याची बोटं... मी खाली बघितलं. माउसवर त्याची करंगळी पडून होती, वाळलेल्या काडीसारखी. हात गेला तर हा माणूस काय करणार? रेघेशिवाय त्याला दुसरं येतंच काय?

"खरंबाईंनी सांगितलं की झालं," तो हसत म्हणाला. "मी परत बघणार नाही."

मला सकाळचा नेम आठवला.

"सरळ दिसते," मी म्हणाले.

"सरळ?"

"सरळ."

त्याचा चेहरा का उतरला ते मला कळलं नाही. "बरं..." म्हणून तो उठला. जरा वेळानं विक्रेतीच्या मागोमाग कागदावर सही करायला गेला. मी बल्ब न घेताच घरी आले. अंधाऱ्या कोपऱ्यात बसलेल्या आईनं विचारलं, "आणलास का गं?" मी म्हटलं, "विसरले." तेवढं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हात जोडले, पण शब्द येईनात. देव समोर, मी समोर, आणि मधे ती ओघळलेली रेघ.

पडदा ऑफिसात आला. सगळ्यांनी कौतुक केलं. मी स्टुलावर बसले आणि चार दिवसांत माझं पितळ उघडं पडलं. चांगल्या सरळ भिंतीला मी लाल खूण केली. एक जिना खरोखरच तिरका गेला होता, तो मला सरळ वाटला. गवंड्यानं फोन करून सांगितलं तेव्हा कळलं. मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं.

"काय होतंय तुम्हाला? चार वर्षांत अशी चूक नाही झाली तुमची."

"मला... बाजूनं नीट दिसत नाही," मी म्हटलं. हेही खरंच होतं.

"मग डोळे तपासून घ्या बाई! आणि तोवर आतल्या खोलीत कागदावर तपासत चला."

आतल्या खोलीत मी, जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या आणि ट्यूबलाइटची घरघर. दुपारी शिपाईकाका कागद आणून ठेवायचे. कोपऱ्यात त्याची बारीक, तिरपी सही. मी ती सही आधी बघायचे आणि मग भिंती. सुरुवातीला तो एकदा दारात आला, "डोळ्यांना काय झालंय म्हणे?" विचारलं. "काही नाही" म्हटलं असतं तर अर्धं खोटं झालं असतं, म्हणून मी कागदावर लाल खुणा करत राहिले. तो जरा उभा राहिला, मग गेला. पुन्हा आला नाही.

त्याची मान सुधारत गेली. करंगळी हलायला लागल्याचं शिपाईकाकांनी सांगितलं, तेव्हा मी देवाला दोन फुलं जास्त वाहिली. मागितलेलं मिळालं होतं, त्यामुळे रडायला तोंड नव्हतं. त्या सहा महिन्यांत मी एकदाही आरशात नीट बघितलं नाही. कुणासाठी बघायचं?

मग एका सोमवारी कळलं, की तो सोडून चाललाय. दूरच्या शहरात, मोठ्या ऑफिसात. तिथे नकाशा काढणारा आणि तपासणारा एकच असतो. मॅडमनीही तोच हिशोब केला आणि इथलं दोघांचं काम माझ्या गळ्यात घातलं. नकाशा काढायचं शिक्षण माझंही झालेलं होतंच. त्याच्या शेवटच्या दिवशी मला त्याच्या खुर्चीत बसवलं, आणि शिकवण्यासाठी तो बसला... स्टुलावर. पहिल्यांदाच.

त्याचे गुडघे टेबलाला लागत होते. त्याच्या कपड्यांना येणारा टोक केलेल्या पेन्सिलीचा तो वास, किती दिवसांनी!

"एक रेघ काढा," तो म्हणाला. "आडवी. वरून."

मी काढली. माझ्यासमोर ती लख्ख सरळ होती. मी वाट बघत राहिले, पण तो पुढचं सांगेना.

"काय झालं?"

"ही... इथून वाकडी दिसते." त्यानं मान डावीकडे केली, उजवीकडे केली, वाकून बघितलं. मग माझ्याकडे. "दुकानातही अशीच दिसली असणार."

मी मान खाली घातली. "हो."

"तुम्ही खोटं बोललात? तुम्ही?"

"तुमची बोटं..." मी त्याच्या करंगळीकडे बघितलं.

बाहेर कुणीतरी प्रिंटर चालू केला, बंद केला.

"तीन रविवार मी का खेटे घालत होतो माहीत आहे?" तो अगदी हळू म्हणाला. "एक रुंद पडदा आला की स्टूल जाणार, अशी भीती मला पहिल्याच दिवशी वाटली होती. चवथ्या रविवारी तुम्हाला घेऊनच येणार होतो. तुम्ही 'वाकडी' म्हणाल, मी 'नको' म्हणेन... मला फक्त एक कारण हवं होतं. आणि तुम्ही म्हणालात, सरळ."

"पण मान..."

"मान कशानं धरली होती? तुम्ही यायच्या आधी नकाशा डाव्या पडद्यावर असायचा. तुम्हाला दिसावा म्हणून उजवीकडे घेतला. चार वर्षं उजवीकडे बघत बसलो." तो कसंबसं हसला. "डॉक्टरीणबाईंनी विचारलं, 'उजवीकडे एवढं आहे तरी काय?' मी म्हटलं, 'खिडकी.'"

उजवीकडे खिडकी नव्हती. स्टूल होतं, आणि मागे कोरी भिंत.

"मग तुम्ही आत गेलात," तो म्हणाला. "मला वाटलं, डोळ्यांचं निमित्त असेल. माझ्याशेजारी बसायचा कंटाळा आला असेल... म्हणून तिकडचं पत्र आल्यावर हो म्हटलं."

एक खोटा शब्द, आणि तो कुठवर जाऊन पोचला होता!

"मी जाऊ नये, असं वाटतं तुला?" त्यानं विचारलं. पहिल्यांदाच 'तू' म्हणून.

"हो," मी म्हणाले. सहा महिन्यांनी माझ्या तोंडून एवढा स्वच्छ शब्द आला.

पण नव्या नोकरीच्या कागदावर त्याची सही झालेली होती. म्हाताऱ्या आई-वडिलांना तो बरोबर नेत होता, त्यांचं सामान कालच पुढे गेलं होतं. आणि या टेबलाशी आता एकच खुर्ची होती, तीही माझी.

"तू चल, असं म्हणणार होतो..."

"आई," मी म्हटलं.

"माहीत आहे मला."

"परत याल?"

"येईन म्हणू? खरं होईल की नाही ते माहीत नाही. आणि तुझ्यापुढे..."

"मग नका म्हणू."

पाचची गाडी होती. जाताना त्यानं स्टूल टेबलाखाली सरकवलं नाही, जिथे होतं तिथेच ठेवलं. मीही ते तिथेच ठेवलंय. झाडणाऱ्या मावशी रोज बाजूला करतात, मी रोज परत ओढते.

सकाळचा नेम आता पुन्हा चालू आहे. पडदा खरंच चांगला आहे, समोर बसलं की सगळ्या रेघा सरळ दिसतात. पण गेल्या महिन्यापासून माझी मान धरली आहे. मॅडमनी त्याच डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी मानेवर बोटं दाबून बघितली आणि म्हणाल्या, "अगदी उजवी बाजू! अहो, एकच पडदा समोर असून तुम्ही दिवसभर उजवीकडे का वळता? तुमच्याच ऑफिसातला एक उंच मुलगा यायचा, त्याचंही हेच. तो म्हणायचा खिडकी आहे. आहे तरी काय तिथे?"

मी खरं तेच सांगितलं.

"स्टूल."